विमानाचा दीड तास आणि घरापासूनचा हिशेब

बालाजीला जायचं म्हटलं की हल्ली गटात कुणीतरी म्हणतंच, "विमानानं जाऊ या की! दीड तासात तिरुपती." हा दीड तास येतो कुठून, ते आज पाहू.

पोराच्या शाळेचा नकाशा घ्या. कोल्हापूर आणि तिरुपती यांच्यामध्ये दोरा ताणून धरा आणि खालच्या प्रमाणपट्टीवर मोजा. सुमारे 650 किलोमीटर भरतात. हे झालं हवाई अंतर. विमानाला नदी, घाट, गाव काही आडवं येत नाही. गाडीला येतं. रस्त्यानं हेच अंतर सुमारे 800 होतं. रेल्वे आधी मिरजेला जाते, मग बेळगाव, हुबळी, गुंतकल असा मोठा वळसा घेते. तिचे 900 च्या आसपास होतात.

आता वेळ. लहान विमानतळांवर बहुतेक पंख्याचं छोटं विमान असतं, साधारण 70 माणसांचं. ते तासाला 500 किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे 650 ला सव्वा तास. पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, शिवाय जमिनीवर धावपट्टीपर्यंत जायचं असतं. म्हणून तिकिटावर दीड-पावणेदोन तास दिसतात.

तिकीट एवढंच सांगतं. घरापासूनचा हिशेब आपला आपण करायचा. समजा, गारगोटीहून निघालात. उजळाईवाडीच्या विमानतळापर्यंत दीड तास. तिथं दोन तास आधी पोचायचं, कारण सामान घेणारी खिडकी विमान सुटायच्या तासभर आधी बंद होते. मग कितीही हात जोडा. पुढं विमानाचे पावणेदोन. उतरल्यावर सामानाला अर्धा तास. आणि विमान उतरतं रेणिगुंट्याला, तिथून तिरुपती गावात जायला आणखी अर्धा तास. झाले सव्वासहा. डोंगरावर तिरुमलाला जायचा तास वेगळाच.

तरी रेल्वेचे 18 ते 20 तास आणि हे सहा, फरक मोठा आहे. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना नेणार असाल तर माझं मत विमानाला. पण दोन गोष्टी आधी विचारा. विमान थेट आहे का? हैदराबादला बदलायचं असेल तर तिथं तीन-चार तास सहज जातात. आणि परतीचं विमान कोणत्या वारी आहे? छोट्या गावांची विमानं रोज असतातच असं नाही. दोन दिवस अडकून पडलात तर वाचलेले तास लॉजमध्ये गेले, आणि इकडं धारा कोण काढणार?

भाड्याचंही ऐका. 2016 साली उडान योजना आली, तेव्हा तासाभराच्या, म्हणजे सुमारे 500 किलोमीटरच्या प्रवासाला 2500 रुपयांची मर्यादा सांगितली होती. ती विमानातल्या काही जागांपुरतीच असते, आणि एका मार्गाला सरकारी मदत तीन वर्षंच. म्हणून शेजारणीनं तेव्हा दिलेलं भाडं आज धरून गटाची वर्गणी ठरवू नका. तारीख ठरली की त्याच दिवशी जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही भाडी बघा. सामानाचं वजनही तिकिटावर लिहिलेलं असतं, बहुधा 15 किलो आणि हातात 7. सुकं खोबरं मात्र पिशवीत ठेवू नका, त्यात तेल असतं म्हणून ते काढून घेतात.