लातूर की नांदेड?

आमचे मामू अहमदपूरजवळच्या खेड्यात राहत. तिथून लातूर जितके लांब, साधारण तितकेच नांदेड. एका रात्री त्यांच्या छातीत कळ आली तेव्हा जीपवाल्याने पहिला प्रश्न विचारला, "लातूर की नांदेड?" आम्ही लातूर म्हणालो. तिथल्या एका दवाखान्याने दारातूनच सांगितले, "खाट नाही, दुसरीकडे न्या." दुसऱ्यानेही तेच. तिसऱ्याने घेतले. मामू वाचले. पण या फेऱ्यांत वेळ गेला, आणि त्या वेळात हृदयाचा जो भाग निकामी झाला तो काही परत आला नाही. पुढे विहिरीवरून घरी येताना त्यांना दोनदा बसावे लागे.

मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. वैद्यकीतले मला काय कळणार? पण 'खाट नाही' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मनातून जाईना. एका डॉक्टर मित्राने सांगितले, अपघात विभागात गर्दी दिसते, पण तिचे कारण बहुधा आत असते. वॉर्डातला बरा झालेला रुग्ण डिस्चार्जच्या कागदासाठी संध्याकाळपर्यंत थांबतो. त्याची खाट अडते, म्हणून नवा रुग्ण तपासणीच्या खाटेवरच पडून राहतो, आणि बाहेर रुग्णवाहिका ताटकळते. पाटाचे पाणी पुढे तुंबले की मागे फुटते, तसेच हे.

खासगी दवाखाना 'नाही' म्हणून मोकळा होतो. सरकारी रुग्णालयाला ते जमत नाही. नांदेडजवळ विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. हिंगोली, परभणीचेच नव्हे, तेलंगणातलेही रुग्ण तिथे येतात. २०२३ मध्ये ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या चोवीस तासांत तिथे २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. तेव्हा ५०० खाटा मंजूर असलेल्या या रुग्णालयात त्याहून कितीतरी जास्त रुग्ण होते. औषधे आणि मनुष्यबळ यांवर पुष्कळ बोलले गेले, ते योग्यच होते. पण बरेच रुग्ण इतर ठिकाणांहून अगदी शेवटच्या घटकेला पाठवले गेले, असेही रुग्णालयाचे म्हणणे होते. त्याकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २००९ च्या जानेवारीपासून गर्दीचे कारण देऊन रुग्णवाहिका दुसरीकडे पाठवण्यास बंदी केली. गर्दी आणखी वाढेल, अशी भीती होती. बॉस्टनमध्ये तसे झाले नाही. दार लावून घेण्याची सोय गेली की आतल्या खाटा मोकळ्या करण्याकडे लक्ष द्यावेच लागते.

आपल्याकडेही वाट दाखवलेली आहे. १९९२ मध्ये बंगालात हकीम शेख नावाचा मजूर रेल्वेतून पडला. कलकत्त्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवले. त्याच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. कुठे खाट मोकळी आहे हे एका ठिकाणी कळावे आणि रुग्ण थेट तिथेच न्यावा, अशी राज्यभराची व्यवस्था असावी, असेही म्हटले.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका आहे. मामूंच्या वेळी ती नव्हती. आता आधी तो नंबर फिरवा. कुणी 'दुसरीकडे न्या' म्हणालेच, तर तीन गोष्टी मागा: आधी प्रथमोपचार, मग पुढच्या रुग्णालयाला फोन, आणि काय झाले, काय दिले याची चिठ्ठी. पहिली गोष्ट तर तुमचा हक्कच आहे. डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य, असे न्यायालयाने १९८९ सालीच बजावले आहे. आणि साधा ताप, खोकला असेल तर रात्री अपघात विभागात जाऊ नका. तिथली खाट कुणाच्या तरी मामूंना लागणार असते.

लातूर की नांदेड, हे जीपवाल्याने अंधारात ठरवायचे नसते. ते गाडी निघण्याआधी एका फोनवर कळायला हवे.