चेक परत आल्यापासूनचे दिवस

बँकेत भरलेला चेक वटला नाही, की त्याच्यासोबत हातभर लांबीचाही नसलेला एक कागद परत येतो. त्याला रिटर्न मेमो म्हणतात. खात्यात पुरेशी रक्कम नाही, खाते बंद आहे, पेमेंट थांबवण्याची सूचना आहे, असे एखादे कारण त्यावर खूण करून दाखवलेले असते. अनेक जण चेक जपून ठेवतात आणि मेमो खिशात चुरगळून टाकतात. वकिलाच्या कचेरीत मात्र पहिला प्रश्न मेमोबद्दलच असतो, आणि लगेच दुसरा, तो हातात कधी पडला?

हे प्रकरण परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली येते. कायदा ब्रिटिश काळातला असला, तरी चेक न वटणे हा गुन्हा ठरवणारे हे कलम त्यात १९८८ च्या दुरुस्तीने आले आणि १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले. कोर्टाच्या आवारात या खटल्यांना नुसते ‘एकशेअडतीस’ म्हणतात. चेक कर्जाच्या किंवा कायद्याने वसूल होऊ शकणाऱ्या देण्याच्या फेडीसाठी दिलेला असला पाहिजे. भेट म्हणून दिलेल्या चेकला हे कलम लागत नाही. खाते बंद करून किंवा पेमेंट थांबवून सुटता येईल, हा समज सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच खोडून काढला आहे.

चेकवरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो बँकेत भरावा लागतो. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, १ एप्रिल २०१२ पासून ती तीन महिने झाली. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस पाठवायची. ही मुदत आधी १५ दिवसांची होती आणि २००२ च्या दुरुस्तीने वाढली. मेमोवर छापलेल्या तारखेऐवजी माहिती मिळाल्याची तारीख मोजायची असते. पण बँकेचा एसएमएस आधी आला असेल तर सावध वकील तिथूनच दिवस मोजतो. नोटीस पोचल्यावर समोरच्याला पैसे देण्यासाठी १५ दिवस मिळतात. ते उलटले की तक्रारीचे कारण घडते, आणि तिथून एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार दाखल करावी लागते.

उदाहरणार्थ, मेमो १२ जानेवारीला मिळाला. तो दिवस सोडून मोजले, तर नोटीस ११ फेब्रुवारीपर्यंत निघाली पाहिजे. ती २ फेब्रुवारीला पाठवली आणि ५ तारखेला पोचली, तर पंधरा दिवस २० फेब्रुवारीला संपतात. २१ फेब्रुवारीला तक्रारीचे कारण घडते आणि २१ मार्च हा शेवटचा दिवस ठरतो. नीट चालणाऱ्या कचेरीत या सगळ्या तारखा फाइलच्या कव्हरवर ठळक अक्षरांत लिहिलेल्या असतात, आणि कारकुनाच्या डायरीत शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधीच्या पानावर त्यांची नोंद असते.

दोन मुदतींतला एक फरक लोकांना माहीत नसतो आणि त्यामुळे मोठे नुकसान होते. तक्रार दाखल करायला उशीर झाला, तर योग्य कारण दाखवून न्यायालयाकडून तो माफ करून घेता येतो. नोटिशीच्या ३० दिवसांना अशी माफी नाही. “पुढच्या आठवड्यात देतो, केस करू नका,” असे सांगणारे फोन याच दिवसांत येतात. किराणा दुकानदार, मंडप कंत्राटदार, बियाणे विक्रेता अशा माणसांचा व्यवहार ओळखीवर चालतो. नोटीस पाठवली तर संबंध तुटतील म्हणून ते थांबतात आणि एकतिसाव्या दिवशी कचेरीत येतात. तेव्हा चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असली तरच वाट उरते. तो पुन्हा भरायचा, आणि पुन्हा परत आला तर नव्या मेमोपासून दिवस मोजायचे. नोटीस पाठवल्याने तडजोडीचे दार बंद होत नाही. कलम १४७ प्रमाणे हा गुन्हा कोणत्याही टप्प्यावर आपसात मिटवता येतो.

नोटीस पानभर पुरते, मात्र तिच्यात मागितलेली रक्कम चेकवरील रकमेशी तंतोतंत जुळली पाहिजे. व्याज किंवा नोटिशीचा खर्च मागायचा असेल तर तो वेगळा दाखवावा. वचनचिठ्ठीवरील बाकी, व्याज आणि चेकची रक्कम एकाच आकड्यात मिसळली, तर नोटीसच सदोष ठरू शकते. म्हणून टाइप झालेल्या मसुद्यावर सही होण्याआधी कोणीतरी चेक समोर ठेवून नंबर, तारीख आणि आकडा मोठ्याने वाचतो, आणि दुसरा मसुद्यावर बोट फिरवतो. पाच मिनिटांचे हे काम टाळू नये.

नोटीस स्पीड पोस्टने जाते. पावती स्थळप्रतीला टाचली जाते. पुष्कळदा पाकीट ‘घर बंद’ किंवा ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत येते. ते फोडायचे नाही, तसेच फाइलमध्ये ठेवायचे. योग्य पत्त्यावर टपालाने पाठवलेली नोटीस पोचली असे गृहीत धरता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली स्पष्ट केले. पत्ता बरोबर होता हे दाखवायला बंद पाकिटासारखा पुरावा नाही.

तक्रारीसोबत मूळ चेक, मेमो, स्थळप्रत, टपालाची पावती, पोच किंवा परत आलेले पाकीट आणि प्रतिज्ञापत्र लागते. चेक कंपनीचा असेल तर कंपनीलाही आरोपी करावे लागते, नुसत्या संचालकावरची तक्रार टिकत नाही. कोणत्या गावच्या न्यायालयात जायचे, यावर मोठा गोंधळ झाला होता. २०१४ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, चेक ज्या बँकेवर काढला तिथले न्यायालय हवे, असा निकाल आला आणि असंख्य तक्रारी परत घेऊन दुसऱ्या गावी दाखल कराव्या लागल्या. २०१५ च्या दुरुस्तीने तो प्रश्न मिटवला. आता चेक आपल्या खात्यात भरला असेल, तर ते खाते ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात तक्रार चालते.

चेकवरची सही कबूल असेल, तर तो देण्यापोटीच दिला असे न्यायालय कलम १३९ खाली गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीला दाखवावे लागते. कोरा चेक सही करून देणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर खटला चालू असतानाच चेकच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम अंतरिम भरपाई म्हणून देण्याचा आदेश न्यायालयाला करता येतो.

नोटिशीची मुदत हुकली आणि चेकही शिळा झाला, तरी पैसे बुडाले असे होत नाही. फौजदारी वाट बंद होते, दिवाणी उरते. देणे निर्माण झाल्यापासून साधारणतः तीन वर्षांच्या आत वसुलीचा दावा लावता येतो, आणि त्यासाठीही तोच जुना चेक व चुरगळलेला मेमो कामाला येतो.