ताटातला घास हेच औषध

शुक्रवारी रात्री किद्दूश झाला, हामोत्सी झाली. टेबलावर नारळाच्या दुधातले मच्छीचे कालवण आणि भात होता. माझी चौदा वर्षांची नात म्हणाली, "आजी, मी मैत्रिणीकडे खाऊन आले." मी म्हटले, "असू दे बाळा, भूक नसेल तर नको खाऊस." सुनेचा चेहरा उतरला. मागाहून स्वयंपाकघरात ती म्हणाली, "आई, डॉक्टरांनी सांगितलंय, एकही जेवण चुकता कामा नये. आठवडाभर आम्ही झगडतो आणि तुम्ही एका शब्दात तिला मोकळं केलंत."

मला राग आला. मग वाटले, जिने जन्मभर मुलांना शिकवले तिने आता स्वतः थोडे शिकावे. जे शिकले ते माझ्या वयाच्या वाचकांसाठी लिहिते आहे.

या दुखण्यांना इथे 'हफराओत अखिला' म्हणतात, म्हणजे खाण्याचे विकार. ॲनोरेक्सियात मूल जेवण कमी कमी करत जाते. वजन वाढण्याची त्याला भयंकर धास्ती असते, आणि हाडे दिसू लागली तरी आपण जाडच आहोत असे वाटते. बुलिमियात एकदम खूप खाल्ले जाते आणि मग बहुधा मुद्दाम उलटी काढली जाते. अशा मुलाचे वजन नेहमीसारखे असू शकते, म्हणून घरात पत्ता लागत नाही. हे विकार मुलींत जास्त दिसतात, पण मुलगेही सुटत नाहीत. काही खुणा ध्यानात ठेवाव्या: ढगळ कपडे, सारखी थंडी वाजणे, मुलींची पाळी थांबणे, जेवून उठताच न्हाणीघरात जाणे, दुसऱ्यांसाठी केक करणे पण स्वतः न चाखणे.

आपण म्हणतो, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती." हे थेर नव्हे, रोग आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ निरोगी तरुण स्वखुशीने एका प्रयोगात सामील झाले. त्यांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. ते चिडचिडे आणि उदास झाले, माणसांपासून दूर राहू लागले, रात्रंदिवस जेवणाचाच विचार करू लागले. भुकेने मनही आजारी पडते. म्हणून पोटात अन्न जाणे हे पहिले औषध.

पूर्वी अशा मुलांना पुष्कळ दिवस इस्पितळात ठेवीत. आता बऱ्याच मुलांवर घरी राहूनच उपचार होतात. कुपत होलिमच्या बालरोगतज्ज्ञापासून सुरुवात करावी. तो पुढे मिरपाआत पाठवतो. तिथे ठरलेल्या दिवशी वजन, नाडी, रक्तदाब, रक्त तपासतात. आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ भेटतात. मात्र दिवसा जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली गेली, मूल बेशुद्ध पडले, रक्तातले क्षार बिघडले, खाणेपिणे अजिबात थांबले किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर इस्पितळ गाठावेच लागते.

घरच्या उपचाराची एक पद्धत १९८० नंतरच्या दशकात लंडनच्या मॉड्सली इस्पितळातून पुढे आली. तिच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीत काय आणि किती खायचे हे आईबाप ठरवतात आणि शेजारी बसून खाऊ घालतात. वजन सावरले की दुसरीत हा अधिकार हळूहळू मुलाकडे परत येतो. तिसरीत वाढत्या वयाचे बाकीचे प्रश्न हाताळतात. याला साधारण सहा महिने ते वर्ष लागते. या पद्धतीत दोष कुणालाच देत नाहीत, आईबापांना नाही आणि मुलालाही नाही.

मग आजीआजोबांनी काय करावे? आईबापांनी ठरवलेल्या जेवणात फाटा फोडू नये. "किती वाळलीस" म्हणू नये आणि "आता अंग भरलं" असेही म्हणू नये. दुसरे वाक्य तर जास्त झोंबते. कुणाच्याच जाडीची चर्चा ताटावर नको. जेवताना शाळेच्या, गावच्या गोष्टी सांगाव्या. जेवणानंतर तासभर पत्ते खेळत जवळ बसावे.

किप्पूरच्या उपासाचा प्रश्नही येतो. डॉक्टर नको म्हणाले तर उपास धरू देऊ नये. तालमूदच्या योमा भागात याची चर्चा आहे. आजारी माणूस म्हणतो मला खाण्याची गरज नाही आणि वैद्य म्हणतो आहे, तर वैद्याचे ऐकावे, कारण दुखण्याने रोग्याचे भान हरपलेले असू शकते. ते वाचताना मला माझी नातच दिसली.

पुढच्या शुक्रवारी सुनेने तिचे ताट वाढले. मी शेजारी बसले आणि माझगावच्या शाळेतल्या खोड्या सांगत राहिले. ताट रिकामे व्हायला पाऊण तास लागला. ती दोनदा रडली. मी "असू दे" म्हटले नाही. अजून दर आठवड्याला मिरपाआत जावे लागते. पण आता सून मला आधी फोन करते, "आई, आज काय करू या?"