वाळूत दडलेले कासव

कासव म्हटले की देवळातील दगडी कासव आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. गाभाऱ्यात जाण्यापूर्वी आपण त्याला हात लावून नमस्कार करतो. परंतु आपल्या नद्यांत एक असे कासव आहे की ज्याची पाठ दगडासारखी टणक नसते. तिच्यावर चामड्यासारखी मऊ कातडी असते आणि नाक लहानशा सोंडेसारखे पुढे आलेले असते. जॉन एडवर्ड ग्रे या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८७२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि मुंबईच्या डॉ. लीथ यांचे नाव त्याला दिले. दोन फुटांपर्यंत वाढणारे हे कासव भारतीय द्वीपकल्पातील गोदावरी, कृष्णा, भीमा अशा नद्यांतच आढळते.

याचा एक मोठा भाऊबंद म्हणजे कँटरचे महाकाय कासव. आपल्या आयुष्यातील सुमारे ९५ टक्के काळ ते वाळूत अंग पुरून निश्चल पडून असते आणि श्वास घेण्यासाठी दिवसातून एकदोनदाच वर येते. मग त्याचे चित्रण व्हायचे कसे? वाघ-सिंहांवर अनुबोधपट पुष्कळ निघतात, कारण ते कॅमेऱ्याला दिसतात. जे दिसत नाही, त्याची हळहळ कोणाला वाटणार?

अनुबोधपटाचे सामर्थ्य मात्र थोडे नाही. माइक पांडे यांनी गुजरातच्या किनाऱ्यावरील देवमुशी माशाच्या शिकारीवर ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा पट २००० साली काढला आणि २००१ मध्ये त्या माशाला कायद्याचे संरक्षण मिळाले.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. ज्ञान म्हणजे पुस्तकात असते तेवढेच, अशी माझी समजूत होती. केरळातील एका उदाहरणाने ती बदलली. कासारगोड जिल्ह्यातील चंद्रगिरी नदीत कँटरच्या कासवाचा शोध घेणाऱ्या संशोधकांनी नदीकाठच्या गावकऱ्यांना विचारले, त्यांच्याकडून खबरा गोळा केल्या. त्यातूनच मादीच्या घरट्याची नोंद झाली आणि पुरात सापडलेली अंडी वाचविता आली. विशेष हे की, वाट दाखविणाऱ्यांत पदवीधर कोण, अडाणी कोण, हा प्रश्नच आला नाही.

कासवी केवळ नजरेने पिलांना वाढविते, असे आमची आजी सांगते. संतांनीही हा दृष्टान्त दिला आहे. प्रत्यक्षात मादी काठावर अंडी पुरून निघून जाते. ऊब देते ती माती आणि वाळू. म्हणजे वाळू हीच त्या पिलांची आई! आज तीच वाळू हायवा भरभरून नदीतून जात आहे. त्यात जाळी, शिकार आणि बंधारे यांची भर. लीथचे कासव आता अतिसंकटग्रस्त मानले जाते. २०२२ साली पनामा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून त्याच्या व्यापारावर कडक बंदी आली.

मित्रहो, नेकनूरपासून गोदावरी दूर असली तरी ती आपल्याच जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. आपल्यापैकी कित्येकांची गावे तिच्या काठी आहेत. सुट्टीत घरी जाल तेव्हा जाळे टाकणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या काकांना विचारा : मऊ पाठीचे कासव पाहिले का? कोठे? शेवटचे केव्हा? ते सांगतील ते तारीख घालून वहीत लिहा आणि प्राणिशास्त्राच्या सरांना दाखवा. कॅमेरा आपल्याकडे नसेल. वही तर आहे.