रक्षकाची निवड करताना...

इंटरनेटवर आपला माग कोणी काढू नये, अशी इच्छा असणाऱ्यांना आज साधनांची वाण नाही. मात्र कुंपणानेच शेत खाल्ल्याची उदाहरणे याच क्षेत्रात घडलेली असल्याने निवड डोळसपणे करावी लागते. त्यासाठी आधी ठरवावे लागते, की माहिती दडवायची ती नेमकी कोणापासून?

घरातील सामाईक संगणकावर आपण काय पाहिले हे इतरांना कळू नये एवढीच अपेक्षा असेल, तर ब्राउझरमधील 'इन्कॉग्निटो' सुविधा पुरते. परंतु ती केवळ त्या संगणकावरील नोंदी पुसते. संकेतस्थळे, कार्यालयाचे नेटवर्क आणि इंटरनेट सेवा पुरविणारी कंपनी यांच्यापासून ती काहीही लपवीत नाही. अनेकांचा गैरसमज येथेच होतो.

'व्हीपीएन'ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. या सेवेत आपली माहिती सांकेतिक रूपात प्रथम व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरवर जाते व तेथून पुढे संकेतस्थळाकडे. त्यामुळे संकेतस्थळाला आपला मूळ आयपी पत्ता दिसत नाही. आपण कोठे जातो हे इंटरनेट कंपनीलाही कळत नाही. ते कळते व्हीपीएन कंपनीला! म्हणजे पाळत संपत नाही, पाळत ठेवू शकणारा फक्त बदलतो. फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेल्या 'ओनाव्हो'चे मोफत व्हीपीएन हे याचे बोलके उदाहरण. लोक कोणती ॲप किती वापरतात, याची माहिती त्यातून फेसबुकला मिळत असे. २०१९ मध्ये ते बंद झाले. विषाणूंपासून संरक्षण देणाऱ्या 'अव्हास्ट'लाही ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेत २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले. फुकट मिळणाऱ्या सेवेचा खर्च कोण भागवितो, हा प्रश्न म्हणूनच विचारलेला बरा.

भारतात आणखी एक मुद्दा आहे. 'सर्ट-इन'ने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांचे नाव, पत्ता आदी तपशील पाच वर्षे जपून ठेवणे बंधनकारक झाले. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी येथील आपले सर्व्हर हलविले.

संदेशांच्या बाबतीत कसोटी सोपी आहे: कंपनीजवळ मुळात साठते काय? अमेरिकेत २०१६ मध्ये न्यायालयीन आदेश आला तेव्हा 'सिग्नल'ला खाते उघडल्याची आणि शेवटच्या जोडणीची वेळ, एवढेच देता आले. त्यापलीकडे तिच्याकडे काही नव्हते. व्हॉट्सॲपवरील संभाषणही वाटेत सांकेतिकच असते. तथापि त्याच्या बॅकअपला तसेच संरक्षण देण्याची सोय २०२१ पासून उपलब्ध असली, तरी ती वापरकर्त्याने सेटिंगमध्ये जाऊन स्वतः सुरू करावी लागते.