पाण्यावर धावणारी मोटार

व्हेनिसच्या जुन्या शहरात मोटारीला रस्ताच नाही. मुख्य भूमीवरून आलेली गाडी पियात्साले रोमाच्या वाहनतळावर ठेवायची. पुढे पाय, नाहीतर होडी. अशा शहरात शिल्पकार लिव्हिओ दे मार्की यांनी फेरारी एफ५० आणली आणि ती थेट कालव्यात उतरवली. खऱ्या गाडीएवढी, अख्खी लाकडात कोरलेली, पोटात होडीचं इंजिन. फोक्सवॅगनची बीटल आणि पंखांसारखी दारं असलेली मर्सिडीज, यांनाही त्यांनी असंच पाणी दाखवलं. जगात बहुतेक ठिकाणी मोटार ही रोजची वस्तू. इथे ती अशक्य. या गमतीत जेवढा व्हेनिस आहे, तेवढा पर्यटकांच्या अनेक चित्रांत मिळून नसेल.

दे मार्की यांचा जन्म १९४३चा, व्हेनिसमधलाच. लहानपणीच नक्षीकामाच्या कारखान्यात हात बसला, मग तिथल्याच कला अकादमीत चित्रकलेचं शिक्षण झालं. संगमरवर आणि ब्राँझही हाताळून झालं. रमले ते लाकडात. त्यांचे विषय मात्र लाकडाशी फटकून वागणारे आहेत: हँगरवर लोंबणारं जाकीट, चुरगळलेला शर्ट, पुस्तकं, कागदाची टोपी. सगळ्या नरम, पडेल तशा पडणाऱ्या वस्तू. कापडाची चुणी कुठेही वळते. लाकडाचे तंतू एकाच दिशेने धावतात. चुणी तंतूंना आडवी गेली आणि पातळ झाली की पटाशीच्या एका चुकार ठोक्याने तुकडा निखळतो. बहुतेक कामांवर ते रंग चढवत नाहीत, त्यामुळे चूक लपवायलाही जागा उरत नाही.

समकालीन कलेच्या गंभीर चर्चेत मात्र हे नाव क्वचितच निघतं. इटली आणि लाकूड म्हटलं की समीक्षक जुझेप्पे पेनोने यांच्याकडे वळतात, आणि त्यात चूक काही नाही. पेनोने १९४७चे, पिएमाँतमधल्या गारेसिओचे. १९६७मध्ये समीक्षक जेर्मानो चेलांत यांनी ज्या कलाचळवळीला ‘आर्ते पोव्हेरा’ हे नाव दिलं, त्या पिढीतले. त्यांची रीत अशी: कारखान्यात कापलेली तुळई घ्यायची, तिच्यातलं एक वर्षवलय निवडायचं आणि त्याचा माग काढत बाहेरचं लाकूड तासून टाकायचं. गाठी तेवढ्या सोडायच्या. त्याच फांद्या होत्या. हळूहळू तुळईतून कोवळं झाड उभं राहतं. लंडनच्या टेट संग्रहालयात १९८०–८२मधलं असं बारा मीटरचं झाड आहे, अमेरिकन लार्चचं. पेनोने सुताराने केलेलं पुसत झाडाकडे जातात. दे मार्की उलट्या वाटेने, झाड सोडून माणसाच्या खुंटीकडे येतात. पेनोने यांचं काम अधिक खोल आहे, हे मला मान्य. पण वस्तूंविषयीचा जिव्हाळा शोधायचा, तर मी दुसऱ्या वाटेने जाईन.

आल्प्सच्या पायथ्याशी, तांब्रे या गावात दे मार्की यांनी पुस्तकांचं घर बांधलं आहे. भिंती पुस्तकांच्या, छप्पर म्हणजे पालथं ठेवलेलं उघडं पुस्तक, कुंपण पेन्सिलींचं, धुराडं फाउंटन पेनचं. सगळं लाकडी. हे गाव कान्सिल्योच्या जंगलालगत आहे. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने इथले बीच वृक्ष आपल्या आरमाराच्या वल्ह्यांसाठी राखून ठेवले होते. म्हणजे व्हेनिसच्या सुताराने या डोंगराकडे येणं ही जुनीच रीत.

दे मार्की यांचं एक मोठं काम करोनातलं. टाळेबंदीत कल्पना सुचली, गोदीतल्या कारागिरांच्या ‘कोन्सोर्त्सिओ व्हेनेत्सिया स्व्हिलुप्पो’ या संघाने साथ दिली, आणि सुमारे बारा मीटर लांब, चार मीटर रुंद असं ‘नोआचं व्हायोलिन’ तयार झालं. १८ सप्टेंबर २०२१ रोजी ते ग्रांड कॅनॉलमधून निघालं. वर वादक उभे राहून विवाल्दी वाजवत होते, भोवती गोंडोला आणि लहान होड्या. साथीत गेलेल्यांच्या स्मरणार्थ काढलेली ही फेरी सांता मारिया देल्ला सालुते चर्चपाशी थांबली. १६३०च्या प्लेगमधून सुटका व्हावी म्हणून केलेल्या नवसाचं हे चर्च. त्याचा पाया दहा लाखांहून जास्त लाकडी खुंटांवर रचला आहे, असं परंपरेने सांगतात. चिखलात प्राणवायू पोचत नाही, म्हणून तळचं लाकूड सहसा झटपट कुजत नाही. वर तरंगणाऱ्या व्हायोलिनला ती सोय नाही. ऊन, खारं पाणी, लाकडाचं फुगणं-आकसणं, हे सगळं होडीसारखंच त्याच्याही वाट्याला येणार. त्याचीही वेळोवेळी डागडुजी करावी लागणार.