सूर्य नसताना वेळ कळते कशी?

मगरिब कधी, फजर कधी, हे कोल्हापुरात आभाळच सांगते. पण जिथे महिनोन्‌महिने सूर्य उगवतच नाही, तिथे? नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर 2008 पासून भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो. तिथे ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. डिसेंबर 2023 पासून आपले शास्त्रज्ञ त्या काळोखातही जाऊन राहू लागले.

त्या समुद्रात क्रिल नावाचा जीव असतो. दिसायला आपल्या जवळ्याचा थोरला भाऊच म्हणा! शास्त्रज्ञांनी ऐन जानेवारीत तिथले क्रिल पकडून पूर्ण अंधारात ठेवले आणि त्यांच्या डोळ्यांतले विजेचे संकेत मोजले. हा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. उजेडाचा कणही नसताना, रात्रीच्या तासांत त्यांची नजर आपोआप तीक्ष्ण होत होती. म्हणजे घड्याळ आतच होते. बाहेर दुपारी क्षितिजाखालून जो अतिशय मंद संधिप्रकाश येतो, तेवढ्यावर ते जुळते. नजरेने शिकार करणाऱ्या माशांपासून वाचायचे आणि रात्री वर येऊन खायचे, तर वेळ चुकून चालत नाही.

मग तिथे नमाजचे काय, असे मुले हमखास विचारतात. वर्षाएवढ्या लांब दिवसाबद्दल सहाबांनीही हेच विचारले होते, तेव्हा हुजूर (स.) यांनी वेळेचा अंदाज बांधायला सांगितले. त्यावरूनच बरेच उलेमा दिवस-रात्र नीट होणाऱ्या जवळच्या शहराचे वेळापत्रक धरायला सांगतात, काही मक्केचे. नमाज पाचच. रमजानची सहरी आणि इफ्तारही त्याच हिशेबाने, घड्याळ पाहून.